दुकान-ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्टाफला काय उघडू द्यायचं आणि काय नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली मार्केट यार्डातली आडत दुकानं, कुपवाड एमआयडीसीतली युनिटं, मिरजेतले दवाखाने, पतसंस्था, इकडून फोनवर आणि व्हॉट्सॲपवर जे तेच तेच विचारलं जातं ते इथं एका जागी लावलंय. सगळं विंडोज १० आणि ११ धरून आहे, एक जुन्या आयबीएम मशीनचा प्रश्न सोडून. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा, पण प्रश्न २ मात्र प्रत्येकानं वाचा.

१) मेनू आणि कमांड बंद करायच्या म्हणजे नेमकं काय काय बंद करता येतं?

कंट्रोल पॅनल, सेटिंग्ज, रनची खिडकी, काळी कमांड प्रॉम्प्ट (टाइप करून हुकूम द्यायची खिडकी), रजिस्ट्री एडिटर (विंडोजची आतली सेटिंगं बदलायचा), टास्क मॅनेजर, पेन ड्राइव्ह, नवीन सॉफ्टवेअर टाकणं, घड्याळ-तारीख बदलणं, हे सगळं बंद करता येतं. पण यात दोन जाती आहेत आणि त्या एकत्र केल्या की घोळ होतो. एक म्हणजे नुसतं दिसू न देणं, दुसरं म्हणजे अधिकारच न देणं. दिसू न देणं हे चुकून हात लागू नये म्हणून ठीक आहे, पण ज्याला करायचंच आहे तो दुसऱ्या वाटेनं आत जातो. बाहेरून येणारे बरेच फोन हे 'लपवलं होतं तरी कसं केलं ओ त्यानं' याच प्रकारचे असतात.

२) फार टेक्निकल नको, एकच गोष्ट करायची तर कुठली करू?

स्टाफचं खातं स्टँडर्ड युजर करा, म्हणजे काम करता येईल पण अख्ख्या मशीनचे अधिकार नसतील असं. बाकी सगळं नंतर. बहुतेक दुकानांत काय असतंय, कॉम्प्युटर घेतला तेव्हा जे पहिलं खातं झालं तेच सगळे वापरतात, आणि विंडोजमध्ये पहिलं खातं हे ॲडमिनच असतंय. म्हणजे पट्ट्या (मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या) काढणाऱ्या पोराकडं सुद्धा अख्ख्या मशीनची किल्ली.

करायचं असं: आधी सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये जाऊन नवीन खातं काढा, त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा, पासवर्ड द्या, त्या खात्यानं एकदा लॉगिन करून बघा. चालतंय म्हटल्यावर त्या नव्या खात्यातून जुन्या खात्याचा अकाउंट टाइप बदलून स्टँडर्ड करा. क्रम उलटा करू नका, एकुलतं एक ॲडमिन खातं स्टँडर्ड करून बसलात तर पुढं फार त्रास आहे (प्रश्न १४ बघा). जुनंच खातं ठेवल्यामुळं डेस्कटॉप, प्रिंटर, टॅलीचं (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं) शॉर्टकट सगळं जागच्या जागी राहतं आणि स्टाफला काही बदललंय हे कळतसुद्धा नाही, फक्त काही इन्स्टॉल करायला गेलं की पासवर्ड मागतंय.

आणि मालक, तुमचं रोजचं खातं पण स्टँडर्डच ठेवा. मेलमधून आलेली खोटी 'इनव्हॉइस' फाईल क्लिक करणारा माणूस बऱ्याचदा मालकच असतो.

३) तारीख मागं घेऊन बिलं काढली जातात असा संशय आहे, तारीख लॉक होते का?

प्रश्न २ केलं की विंडोजची तारीख लॉक झालीच, स्टँडर्ड युजरला सिस्टिमची तारीख-वेळ बदलता येत नाही, फक्त टाइमझोन बदलता येतो. पण टॅलीत व्हाउचरची तारीख वेगळी टाकता येते, तिथं विंडोजचा काही संबंध नाही. टॅलीप्राइममध्ये युजर रोलमध्ये किती दिवस मागची एंट्री चालेल हे ठरवता येतं आणि अमुक तारखेच्या आधी हात लावायचा नाही अशी कट-ऑफही देता येते. दोन्ही जागी लॉक करा.

४) माझ्याकडं जीपीएडिट उघडतच नाही, फाईल सापडत नाही म्हणतंय.

तुमच्याकडं विंडोज होम आहे. जीपीएडिट म्हणजे ग्रुप पॉलिसी एडिटर, कुणाला काय बंद करायचं त्या पॉलिसी (नियम) लावायची जागा, तो प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशनलाच येतो. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथं बघितलं की कळेल. लॅपटॉप दुकानातून घेताना स्वस्तातला घेतला की हमखास होम निघतंय.

नेटवर 'होमवर जीपीएडिट चालू करा' म्हणून बॅच फाईली (एकामागून एक कमांड आपोआप चालवणाऱ्या) फिरतात, त्या ॲडमिनचा अधिकार देऊन चालवाव्या लागतात. कुणीतरी अनोळखी माणसानं बनवलेली फाईल, तीही सिक्युरिटीसाठी, अख्ख्या मशीनचा अधिकार देऊन चालवायची, हे मला काय पटत नाही. होमचं प्रो करायला मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून पैसे भरून अपग्रेड होतं, फॉरमॅट करावं लागत नाही. ते नको असेल तर रजिस्ट्रीतून करता येतं, पण त्यात एक खाच आहे ती प्रश्न ७ मध्ये.

५) प्रो आहे. कंट्रोल पॅनल, रन, कमांड प्रॉम्प्ट कुठून बंद करायचं?

जीपीएडिट डॉट एमएससी उघडा, युजर कॉन्फिगरेशन, त्यात ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स. कंट्रोल पॅनलच्या फोल्डरमध्ये कंट्रोल पॅनल आणि पीसी सेटिंग्ज मनाई करणारी पॉलिसी आहे. स्टार्ट मेनू अँड टास्कबारमध्ये रन काढून टाकायची. सिस्टिममध्ये कमांड प्रॉम्प्ट आणि रजिस्ट्री एडिटिंग टूल्स या दोन. टास्क मॅनेजर मात्र सिस्टिमच्याच आत कंट्रोल-आल्ट-डिलीट ऑप्शन्स या फोल्डरात आहे, लोक तिथंच अडकतात. एनेबल्ड केलं म्हणजे 'बंदी चालू' असा अर्थ, उलटं समजू नका. झालं की पॉलिसी लगेच लागायला जीपीअपडेट स्लॅश फोर्स ही कमांड द्या, नाहीतर साइन आउट करून परत या.

अख्खी सेटिंग्ज बंद करण्यापेक्षा 'सेटिंग्ज पेज व्हिजिबिलिटी' ही पॉलिसी बघा. त्यात शोओन्ली लिहून पुढं फक्त प्रिंटर, ब्लूटूथ अशी पानं दिली की तेवढीच दिसतात. दुकानात दिवसाला दोनदा प्रिंटरचं काहीतरी निघतंच, अख्खं बंद केलं की तुम्हालाच गणपती पेठेतून उठून यार्डात जावं लागतंय.

हे सगळं करायच्या आधी पुढचा प्रश्न वाचा.

६) पॉलिसी लावली आणि आता माझंच ॲडमिन खातं बंद पडलंय!

सगळ्यात जास्त येणारा फोन. सरळ जीपीएडिट उघडून युजर कॉन्फिगरेशनमध्ये जे काय लावता ते त्या मशीनवरच्या सगळ्यांना लागतं, ॲडमिनला पण. ते टाळायची वाट विंडोज व्हिस्टापासून आहे पण कुणी सांगत नाही.

रनमध्ये एमएमसी टाका. रिकामी खिडकी येईल. फाईल मेनूतून ॲड-रिमूव्ह स्नॅप-इन, यादीतून ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटर निवडा, ॲड म्हणा, मग जी खिडकी येते तिच्यात लोकल कॉम्प्युटर लिहिलेलं असतं, तिथं फिनिश न दाबता ब्राउझ दाबा. वर युजर्स नावाचा टॅब आहे, त्यात 'नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्स' निवडा. आता जे लावाल ते फक्त स्टँडर्ड युजरना लागेल. एखाद्याच माणसाला लावायचं तर त्याच टॅबमध्ये त्याचं नाव निवडता येतं. ही खिडकी डेस्कटॉपवर सेव्ह करून ठेवा, दरवेळी एवढा उद्योग नको.

आधीच अडकला असाल तर जी पॉलिसी लावलीत ती परत 'नॉट कॉन्फिगर्ड' करा. 'फक्त दिलेलेच प्रोग्राम चालवा' ही पॉलिसी लावून यादीत एमएमसी टाकलंच नाही अशी केस असेल तर विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या ग्रुपपॉलिसी फोल्डरात, युजर या उपफोल्डरातली रजिस्ट्री डॉट पीओएल ही फाईल दुसरीकडं हलवून मशीन रीस्टार्ट करायचं. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

७) होम एडिशन आहे, रजिस्ट्रीत व्हॅल्यू टाकली पण स्टाफच्या खात्यात काहीच फरक नाही.

ही ती खाच. तुम्ही स्टाफच्या खात्यात बसून रेगएडिट (रजिस्ट्री एडिटर) 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केलंत, ॲडमिनचा पासवर्ड दिलात, आणि करंट युजरमध्ये (रजिस्ट्रीतला चालू खात्याचा भाग) व्हॅल्यू टाकलीत. पण त्या खिडकीसाठी करंट युजर म्हणजे ॲडमिन! म्हणजे बंदी ॲडमिनला लागली. स्टाफला लागायला रजिस्ट्रीतल्या एचकी युजर्समध्ये त्या माणसाचा लांबलचक आकडा (विंडोजनं त्याच्या खात्याला दिलेला ओळख नंबर) शोधून त्याच्या आत टाकायचं. आकडा कळायला स्टाफच्या खात्यात कमांडमध्ये हूॲमआय स्लॅश युजर द्या, आणि तो लॉगिन असतानाच करा, नाहीतर तो आकडा यादीत दिसत नाही.

व्हॅल्यूंची नावं डिसेबलसीएमडी, डिसेबलटास्कएमजीआर, नोकंट्रोलपॅनल, नोरन अशी आहेत. डिसेबलसीएमडीला १ दिलं तर बॅच फाईली पण बंद, २ दिलं तर फक्त काळी खिडकी बंद. या पॉलिसीच्या कीमध्ये स्टँडर्ड युजरला लिहिता येत नाही म्हणून तो उलटवू शकत नाही. ॲडमिन असेल तर एका मिनिटात उलटवेल, म्हणून परत प्रश्न २.

८) कमांड प्रॉम्प्ट बंद केलं आणि रात्रीचा बॅकअप बंद पडला.

तुमचा बॅकअप बॅच फाईलनं होत असणार आणि तो स्टाफच्याच खात्यात चालत असणार. पॉलिसी लावताना खाली एक प्रश्न असतो, स्क्रिप्ट पण बंद करायच्या का, तिथं 'येस' झालंय. 'नो' करा म्हणजे बॅच चालतील. त्याहून चांगलं म्हणजे बॅकअप टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारा) वेगळ्या खात्यावर लावा आणि बॅकअपच्या फोल्डरला स्टाफचा हातच नको. बॅकअप आणि मूळ डेटा दोन्ही एकाच माणसाला डिलीट करता येत असेल तर तो बॅकअप फक्त मनाच्या समाधानाला. ऑफिस खालच्या मजल्यावर असेल तर एक प्रत गावाच्या दुसऱ्या भागात ठेवा, २०१९ च्या पुरानंतर हे सांगलीत कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

९) कमांड प्रॉम्प्ट बंद आहे तरी पोरगं कमांड देतंय, कसं काय?

पॉवरशेलमधून, ती विंडोजमधली कमांड द्यायची दुसरी खिडकी. कमांड प्रॉम्प्टची पॉलिसी फक्त सीएमडीला लागते, पॉवरशेलला तिचा पत्ताच नाही. शिवाय टास्क मॅनेजरमधून 'रन न्यू टास्क', एक्सेलच्या किंवा नोटपॅडच्या फाईल-ओपनच्या खिडकीत राइट क्लिक, ब्राउझरच्या ॲड्रेसबारमध्ये सरळ सी ड्राइव्हचा पत्ता, अशा बारीक वाटा भरपूर आहेत. ड्राइव्ह लपवायची पॉलिसी पण तशीच, आयकॉन जातो, ड्राइव्ह तिथंच असते.

'दिलेले प्रोग्राम चालवू नका' अशी एक पॉलिसी आहे, तिच्यात पॉवरशेल लिहून लोक निर्धास्त होतात. ती फक्त एक्सप्लोररमधून उघडलेल्यालाच अडवते आणि फाईलचं नाव बघते, म्हणजे कॉपी करून नाव बदललं की संपलं. खरोखर अडवायचं तर प्रश्न १०.

आता एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या, स्टँडर्ड युजरनं पॉवरशेल उघडलं तरी त्याला त्याच्या अधिकाराबाहेरचं काही करता येत नाही. काळी खिडकी दिसली म्हणून घाबरून जाण्यासारखं त्यात काही नाही. घाबरायचं ते ॲडमिन खात्यातल्या काळ्या खिडकीला.

१०) स्टँडर्ड खातं केलंय तरी ब्राउझर, गेम, रिमोटचं ॲप कसं टाकतात?

काही सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्समध्ये न जाता त्या युजरच्याच ॲपडेटा फोल्डरात बसतात, त्याला ॲडमिन लागत नाही. क्रोमसुद्धा तसं बसू शकतं. काही तर इन्स्टॉलच होत नाहीत, डाउनलोड केली की तिथूनच चालतात.

याला औषध ॲपलॉकर, कुठले प्रोग्राम चालू द्यायचे हे ठरवायची विंडोजचीच सोय. आधी हे एंटरप्राइझलाच चालायचं, आता विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासून पुढं आणि ११ वर, अपडेट केलेलं असेल तर, एडिशनची अट उठलीय. सेकपॉलमध्ये (विंडोजचा सिक्युरिटी पॉलिसीचा एडिटर) जाऊन डिफॉल्ट रूल्स तयार करायचे, त्यांचा अर्थ असा की विंडोज आणि प्रोग्राम फाइल्समधलं सगळ्यांना चालेल, बाकी कुठलंही फक्त ॲडमिनला. डाउनलोड्स, डेस्कटॉप, पेन ड्राइव्हवरून काहीच चालणार नाही. तीन ठिकाणी लोक फसतात: पॅकेज्ड ॲपचे डिफॉल्ट रूल टाकायचे राहतात आणि कॅल्क्युलेटरसकट बरंच काही बंद पडतं, ॲप्लिकेशन आयडेंटिटी ही सर्व्हिस चालू नसते, आणि ती नेहमीच्या सर्व्हिसेसच्या खिडकीतून ऑटोमॅटिक होत नाही, ॲडमिन कमांडमधून एससी कॉन्फिगनं करावी लागते, आणि तिसरं म्हणजे टॅली किंवा वजनकाट्याचं सॉफ्टवेअर डी ड्राइव्हला टाकलेलं असतं, ते पण अडतं. म्हणून आठवडाभर 'ऑडिट ओन्ली'वर ठेवा, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये काय काय अडलं असतं ते दिसेल, मग एन्फोर्स करा.

११) जुनं बिलिंग सॉफ्टवेअर ॲडमिनशिवाय चालतच नाही, मग?

बहुतेकदा कारण एवढंच असतं की ते आपल्याच इन्स्टॉल फोल्डरमध्ये डेटा लिहितं आणि स्टँडर्ड युजरला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायची परवानगी नसते. त्या एका फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, आणि स्टाफच्या खात्याला 'मॉडिफाय' द्या. अख्ख्या सी ड्राइव्हला देऊ नका, आणि स्टाफला ॲडमिन तर बिलकुल करू नका. सॉफ्टवेअरवाला 'ॲडमिनच पाहिजे' म्हणून अडून बसतो, कारण त्याला ते सोपं पडतं. नुकसान झालं तर तो येणार नाही.

ॲपलॉकर लावला असेल तर हे फोल्डर प्रोग्राम फाइल्सच्या आत असूनही लिहिता येण्यासारखं झालंय, तिथं कुणीही एक्झी (प्रोग्रामची फाईल) टाकून चालवेल, म्हणून त्या फोल्डरापुरता वेगळा रूल करा.

१२) टॅलीत युजर-पासवर्ड दिलेत, पण कुणीतरी डेटा फोल्डरच कॉपी करून नेला तर?

नेऊ शकतो. टॅलीतला युजर हा टॅलीच्या आतला, फोल्डर विंडोजचा. डेटा शेअर करून चारजण काम करत असतील तर त्या चौघांना फोल्डरवर लिहायचा अधिकार द्यावाच लागतो, आणि ज्याला लिहिता येतं त्याला कॉपी आणि डिलीट पण येतं. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड दिला की डेटा एन्क्रिप्ट होतो, नेला तरी पासवर्डशिवाय उघडत नाही. टॅलीप्राइम सर्व्हर म्हणून वेगळं पैशाचं प्रॉडक्ट आहे त्यात युजरला फोल्डरपर्यंत जावंच लागत नाही. छोट्या दुकानाला ते परवडतंय का हे ज्यानं त्यानं बघावं, मी तरी आधी व्हॉल्ट आणि पेन ड्राइव्ह बंदी सुचवतो.

१३) पेन ड्राइव्ह बंद करायचाय पण डीएससी (डिजिटल सहीचं) टोकन आणि मोबाइल?

ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्समध्ये सिस्टिम, रिमूव्हेबल स्टोरेज ॲक्सेस, तिथं सगळ्या प्रकारांना मनाई करता येते किंवा फक्त लिहायला. जीएसटीचं डीएससी टोकन हे स्टोरेज नाही, स्मार्टकार्ड म्हणून ओळखलं जातं, ते चालतं. फक्त काही टोकन ड्रायव्हरसाठी आपली छोटी सीडी दाखवतात ती दिसेनाशी होऊ शकते, म्हणून ड्रायव्हर आधी टाकून घ्या. कीबोर्ड, माउस, प्रिंटरला काही होत नाही.

यूट्यूबवर बघून रजिस्ट्रीतल्या यूएसबीस्टोरची (पेन ड्राइव्हचा ड्रायव्हर) स्टार्ट व्हॅल्यू ३ ची ४ केलेले बरेच भेटतात. त्यानं पेन ड्राइव्ह बंद होतो पण मोबाइल बंद होत नाही, कारण मोबाइल वेगळ्या पद्धतीनं जोडला जातो. आणि व्हॉट्सॲप वेब चालू ठेवून पेन ड्राइव्ह बंद करण्यात काय अर्थ आहे हे तुमचं तुम्ही ठरवा.

१४) दिवाणजी काम सोडून गेले, ॲडमिन पासवर्ड त्यांनाच माहीत होता.

आधी त्यांनाच गोडीत फोन करा, वीस वर्षं काम केलेल्या माणसाला विचारायला लाज कसली. ते खातं मायक्रोसॉफ्टच्या ईमेलचं असेल तर रिकव्हरी त्यांच्या मोबाइलवर जाते, तो नंबर बंद व्हायच्या आत बदलून घ्या. पुढच्यासाठी: ॲडमिन खाती दोन, दोन्ही मालकाच्या हाती, पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत, आणि माणूस बदलला की त्याच दिवशी पासवर्ड बदलायचे. बिटलॉकर (अख्खी डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की पण त्याच पाकिटात, ती हरवली तर डेटा गेला समजा.

१५) सगळं लावलं, पण पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम बूट केली तर?

तर वरच्यातलं काहीच चालत नाही, कारण तुमचं विंडोज सुरूच झालेलं नसतं. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं सेटिंग) पासवर्ड, बूटमध्ये पहिली आपली डिस्क आणि बिटलॉकर, या तिन्ही गोष्टी लागतात. बिटलॉकर प्रोपासून आहे, होमवर काही मशीनला डिव्हाइस एन्क्रिप्शन येतं.

१६) वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर काट्याचं सॉफ्टवेअर सोडून काहीच दिसायला नको.

हे छान होतं. सेटिंग्जमधला किऑस्क मोड (एकच ॲप दिसू देणारा) इथं कामाचा नाही, तो स्टोअरच्या ॲपना आणि एज ब्राउझरला चालतो, काट्याचं सॉफ्टवेअर साधं एक्झी असतं. त्याऐवजी प्रश्न ६ च्या पद्धतीनं काट्यावरच्या माणसाच्या खात्यापुरती पॉलिसी उघडा, सिस्टिममध्ये 'कस्टम यूजर इंटरफेस' आहे, त्यात सॉफ्टवेअरच्या एक्झीचा पूर्ण पत्ता द्या. लॉगिन केलं की डेस्कटॉप, टास्कबार काही येतच नाही, थेट काट्याची स्क्रीन. टास्क मॅनेजरची पॉलिसी पण लावा, नाहीतर कंट्रोल-आल्ट-डिलीटमधून आत जाता येतं. सॉफ्टवेअर चुकून बंद केलं तर नुसती काळी स्क्रीन उरते, तेव्हा साइन आउट करून परत यायचं हे काट्यावरच्या अण्णांना आधीच दाखवून ठेवा, नाहीतर उसाच्या सीझनला रात्री दोनला फोन.

१७) ऑफिसातला प्रिंटर शेअर आहे, स्टँडर्ड खात्यात जोडताना ॲडमिन मागतंय. आधी मागत नव्हतं.

ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून मागतं, त्या वर्षी प्रिंट स्पूलरमध्ये (प्रिंटची कामं रांगेत लावणारी विंडोजची सर्व्हिस) मोठी फट सापडली होती म्हणून. रजिस्ट्रीतून ते उलटवायची ट्रिक फिरते, ती करू नका. एकदा ॲडमिननं ड्रायव्हर टाकला की रोज मागत नाही.

१८) आमच्याकडं जुनं एएस ४०० आहे, त्यात स्टाफ मेनूतच राहतो. मग सेफ ना?

आयबीएमनं हे मशीन १९८८ मध्ये आणलं आणि मेनूत बांधून ठेवायची सोय त्यात फार पक्की आहे. युजर प्रोफाइलमध्ये इनिशियल मेनू द्यायचा आणि लिमिट कॅपेबिलिटीज 'येस' करायचं, मग कमांड लाइनवर साइन ऑफ, मेसेज पाठवणं-बघणं, आपला जॉब बघणं अशा मोजक्याच कमांड चालतात. 'पार्शल' करून निश्चिंत बसू नका, त्यात कमांड सगळ्या चालतात.

पण आता त्याच मशीनला एक्सेल जोडून ओडीबीसीनं (दुसऱ्या प्रोग्राममधून डेटा वाचायची जोडणी) डेटा ओढतात. ओडीबीसी मेनू बघत नाही, फाईलवर त्या युजरला अधिकार आहे का एवढंच बघतं. मेनूच्या भरवशावर फाईलचा पब्लिक अधिकार (वेगळं काही दिलं नसेल तर सगळ्यांना मिळणारा) मोकळा सोडलेला असेल तर मेनूत अडकलेला माणूस एक्सेलमधून पगाराची फाईल उघडतो. फाईलींचा पब्लिक अधिकार 'एक्सक्लूड' करून मग लागेल तसा द्यायचा.

१९) सगळे एकाच लॉगिननं काम करतात, कायद्याला चालतं का?

प्रोप्रायटरी दुकानाला अशी थेट सक्ती नाही. कंपनी असेल, प्रायव्हेट लिमिटेड सुद्धा, तर १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद तारखेसकट राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये असा नियम आहे, ऑडिटर त्यावर लिहितो. नोंद राहील हो, पण सगळे एकाच नावानं शिरत असतील तर प्रत्येक बदलापुढं तेच एक नाव. मग कुणी केलं हे विचारायला गेलं की सगळे एकमेकांकडं बघतात.

२०) दहा-पंधरा कॉम्प्युटर आहेत, प्रत्येकावर हेच करत बसू का?

नको. तिथं सर्व्हर घेऊन डोमेन (सगळी मशीन त्या एका सर्व्हरच्या ताब्यात) करा, पॉलिसी एकदाच लिहायची आणि सगळीकडं जाते. होम एडिशन डोमेनला जोडता येत नाही, म्हणून मशीन घेतानाच प्रो घ्या. चार-पाच मशीन असतील तर डोमेनच्या नादाला लागू नका, एकावर नीट सेट करून सिस्टिम३२ मधला ग्रुपपॉलिसीयुजर्स हा फोल्डर दुसऱ्यावर कॉपी केला तरी नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्सची पॉलिसी जाते. एका माणसाच्या नावानं लावलेली जात नाही, कारण त्याचा आकडा प्रत्येक मशीनवर वेगळा असतो.